पाचव्या पावलाची जागा

बसवनगुडीतल्या एका तीनमजली इमारतीच्या गच्चीवर मासेमारीच्या बोटी विकल्या जातात, असं कुणी सांगितलं तर ऐकणारा त्याला वेड्यात काढील. बेंगळुराहून समुद्र गाठायचा तर गाडीत अख्खा दिवस जातो. तरीही मथुराअक्का लाड गेली बावीस वर्षं तेच करत आल्या होत्या, आणि या बावीस वर्षांत त्यांनी समुद्र एकदाही पाहिला नव्हता.

यात लबाडी काही नव्हती. बोटी बांधायचा कारखाना घाटाखाली, एका खाडीच्या काठावर होता. मालक गुरुराजअण्णा मात्र अस्सल बसवनगुडीचे. बोटींचं शिक्षण घेऊन आलेले, पण सकाळचा डोसा ठरलेल्या हॉटेलात खाल्ल्याशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नाही असे. कर्जाच्या बँका, अनुदानाची खाती, इंजिनवाल्यांच्या कचेऱ्या, सगळं बेंगळुरात. गिऱ्हाइकाला इथे कधी ना कधी यावंच लागायचं. मग त्याच फेरीत बोटही ठरवून जाऊ दे, असा अण्णांचा हिशेब होता. आणि कारवारच्या वरून, मालवण-देवगडकडून येणारी गिऱ्हाइकं मराठी बोलायची, म्हणून एक मराठी बोलणारी बाई हवी होती.

मथुराअक्कांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांची मराठी घरात बोलायची आणि देवाशी बोलायची, त्यामुळे जरा जुनी आणि जरा कानडी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फोनवर एका मालवणी तांडेलाला ‘स्वल्प थांबा हं’ म्हटलं, तेव्हा पलीकडचा माणूस इतका हसला की त्याने हसण्याच्या भरात बोटीची मागणी नोंदवून टाकली. त्या दिवसापासून अण्णांनी अक्कांच्या मराठीला नावं ठेवणं सोडलं.

गच्चीवरच्या बोटींची गोष्ट त्यानंतरची. पहिल्या वर्षी रत्नागिरीकडचा एक म्हातारा आला होता. अण्णांनी टेबलावर नकाशा पसरला, म्हाताऱ्याने तो आदबीने पाहिला, मान डोलावली आणि सही केली. चार महिन्यांनी बोट पाण्यात उतरली तेव्हा तो काठावर मटकन खाली बसला. बर्फाचा कप्पा त्याला मागे हवा होता, तो पुढे झाला होता. नकाशा त्याने सगळा वेळ उलटा धरला होता. लाजेपायी बोलला नव्हता एवढंच.

अक्कांना ती गोष्ट जिव्हारी लागली. त्यांना स्वतःलाही नकाशा धड कळत नव्हता, आणि ते कबूल करायची त्यांना लाज वाटत नव्हती. पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांनी घरून रांगोळीचा डबा आणला, सुतळी आणली, टेप घेतला, आणि गच्ची झाडून घेऊन तिच्यावर बोट काढली. अख्खी. तीस फूट म्हणजे तीस फूट. कड पांढरी, इंजिन कुंकवाच्या लाल रंगाचं, बर्फाचे कप्पे निळे, जाळं ठेवायची जागा पिवळी. तांडेल सुकाणू धरून बसतो तिथे प्लास्टिकचं स्टूल. गिऱ्हाईक वर आलं, बघत राहिलं, आणि न सांगता चपला काढून उभं राहिलं.

रांगोळी ओलांडायची नाही, हे त्या माणसाला आईने शिकवलेलं होतं आणि अक्कांनाही. म्हणून अक्का बोटीच्या डाव्या कडेला दोन हातांची जागा मोकळी सोडायच्या. तिथून आत चढायचं, तिथूनच उतरायचं. बावीस वर्षांत आडदांड, दारूचा वास येणारे, चार-चार बोटींचे मालक असलेले कितीतरी लोक त्या गच्चीवर आले, पण कुणी रांगोळीवरून पाय टाकून आत गेला नाही. सगळे त्या फटीतून चढले आणि फटीतूनच उतरले.

आत शिरल्यावर माणूस बदलायचा. आधी दोन-चार पावलं संकोचाने टाकायचा, मग त्याचे पाय फाकायचे, गुडघे सैल व्हायचे. ‘हे इकडे घ्या, इथे कोपर लागतंय,’ म्हणायचा. हवेत जाळं ओढून बघायचा. खाली रस्त्यावर रिक्षा भांडत असायच्या, शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत असायचं, आणि इथे एक माणूस भर दुपारी डोळे किलकिले करून क्षितिज शोधत असायचा. अक्का हातात वही घेऊन काठावर उभ्या राहायच्या आणि तो म्हणेल तसं रांगोळीत पुसून पुन्हा काढायच्या. शेवटी ठरलेलं सगळं अण्णा कागदावर उतरवायचे.

गिऱ्हाईक गेल्यावर मात्र बोट अक्कांची. चारच्या सुमाराला गच्चीवर वारा सुटतो, नारळाचे शेंडे हलायला लागतात. त्या वेळी अक्का फटीतून आत जाऊन स्टुलावर बसायच्या. त्यांचा समुद्र गिऱ्हाइकांनी थोडा थोडा आणून दिलेला होता. कुणी सांगितलं होतं की पहाटे पाण्याला दुधासारखी साय धरते. कुणी म्हणालं होतं की आश्विनात पाणी हिरवं होतं आणि मासा आपणहून वर येतो. बोट तयार झाली की खाडीबाहेर नेऊन गिऱ्हाइकाला ट्रायल देतात, वेग दाखवतात, वळवून दाखवतात, जाळं टाकून ओढून दाखवतात. त्या दिवशी बहुतेक जण तिथून अक्कांना फोन लावायचे आणि काही न बोलता फोन हवेत धरायचे. अक्का इकडे डोळे मिटून इंजिन ऐकायच्या, पक्षी ऐकायच्या, फळीवर आपटणारं पाणी ऐकायच्या. ते सगळं त्या गच्चीवर आणून ठेवायच्या.

‘एकदा जाऊन का येत नाहीस?’ असं त्यांचे यजमान येसाजीराव दर वर्षी विचारायचे. अक्कांचं उत्तर ठरलेलं होतं, की मी गेले तर फोन कोण उचलणार? खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. आपला समुद्र आणि तो समुद्र जुळला नाही तर काय करायचं, याची त्यांना भीती वाटायची.

मग एका उन्हाळ्यात शहराचं पाणी आटलं. बोअर कोरड्या पडल्या, टँकरसाठी रांगा लागल्या. येसाजीराव म्हणायला लागले, ‘आमच्या हिच्या गच्चीवर बोट आहे, घरी नळाला पाणी नाही.’ इमारतीच्या मालकाने गच्चीच्या एका टोकाला कट्टा बांधून मोठी काळी टाकी बसवली. टाकीने गच्चीची दोन फूट जागा खाल्ली. आता चौतीस फुटांची बोट काढायला बत्तीस फूटच उरले होते.

नेमकी तेव्हाच अनुसूया कुबल आली. देवगडकडची, पंचेचाळिशीची, काळीसावळी, केसांत सुरंगीचा सुकलेला गजरा. चौतीस फुटांची बोट हवी होती. अक्कांनी आदल्या दिवशी गच्ची झाडली, सुतळी धरली, आणि सुतळी टाकीला जाऊन अडली. दोन फूट कुठून तरी कमी करायला हवे होते. पुढच्या टोकाचं वळण त्यांनी बघितलं, मागच्या बाजूचा घेर बघितला. दोन्हीकडे हात लावायला त्यांचं मन होईना. रांगोळी काढणाऱ्या बाईला काहीही करायला सांगा, वळण बिघडवायला सांगू नका. मग मधला सरळ भाग उरला, तांडेलाच्या केबिनपासून जाळं ओढायच्या विंचपर्यंतचा. अक्कांनी त्यातले दोन फूट काढून टाकले. उद्या त्या बाईला सांगू, की इथे दोन फूट जास्त धरा. त्यात काय एवढं?

दुसऱ्या दिवशी अनुसूयेने टेबलावरचा कागद एकदा पाहिला आणि बाजूला सारला.

‘अक्का, ह्या कागदात माझी बोट खय असा?’

‘चला वर,’ अक्का म्हणाल्या.

अनुसूया फटीतून बोटीत चढली आणि केबिनच्या मागच्या कडेशी ठेवलेल्या स्टुलावर बसली. मग तिने सांगितलं ते असं. तिचे यजमान, भिकाजी, तीस वर्षं समुद्रावर. गेल्या वर्षी अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, डावा पाय आणि डावा हात गेल्यासारखे झाले. आता पाय ओढत चालतात. जुनी बोट त्यांना झेपत नाही, कारण तिच्यात सुकाणू एकीकडे आणि धरायला काही नाही. घरी दारात बसून समुद्राकडे बघत असतात आणि कुणाशी बोलत नाहीत.

‘डॉक्टर म्हणता, बसून ऱ्हवले तर बसलेच,’ ती म्हणाली. ‘माका तेंका बोटीर चढवूचा असा. मी आसंय, माझो भाऊ असा, आमी कामां करू. पण बोट तेंची होया.’

‘तुम्ही त्यांना घेऊन का नाही आलात?’

‘तेंका मी हय दाखवतंय,’ ती म्हणाली आणि उठली.

आणि ती चालली. उजवा पाय टाकला, डावा ओढला. डावा खांदा खाली पडला, डावा हात पोटाशी धरला, मान एका बाजूला गेली. एक क्षण अक्कांना वाटलं की गच्चीवर अनुसूया नाहीच. एक उंच, चिडका, थकलेला पुरुष स्टुलावरून उठून आपल्या जाळ्याकडे निघाला आहे. एक. दोन. तीन. चार. चौथ्या पावलाला तिचा हात पुढे गेला आणि लाल रांगोळीने काढलेल्या विंचच्या खांबावर, म्हणजे हवेवर, घट्ट मिटला.

‘चार पावलां जातत,’ ती आपल्या आवाजात म्हणाली. ‘पाचव्याक तोल जाता. चवथ्याक हाताक कायतरी लागाक होया. हय बरोबर लागता.’

‘मध्ये कठडा घालूया की.’

‘कठडो नको. जाळां अडाकतला.’

ती परत स्टुलाकडे गेली आणि पुन्हा तशीच चालत आली. मग पुन्हा. सहा-सात वेळा. वारा सुटला होता, नारळाचे शेंडे हलत होते. एक घार वरून गोल फिरत होती आणि तिची सावली बोटीवरून जात-येत होती. अक्कांना फळीवर पाणी आपटताना ऐकू येत होतं, शपथेवर. अक्का वहीत लिहायचं विसरल्या. दोन फुटांचं सांगायचंही विसरल्या. अनुसूया फटीतून उतरली, तिने बोटीला हात जोडले, खाली जाऊन अण्णांच्या कागदावर सही केली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली.

चुका पुष्कळ जणांकडून होतात. इतकी सुंदर संध्याकाळ बघताना झालेली चूक मात्र फार उशिरा सापडते.

ती चार महिन्यांनी सापडली. अनुसूयेच्या बोटीची ट्रायल गुरुवारी होती. सोमवारी अक्का दुसऱ्या कुणासाठी चौतीस फुटांचीच बोट काढायला बसल्या. सुतळी टाकीला अडली. गेल्या खेपेसारखेच त्यांनी मधले दोन फूट वगळले, केबिनची मागची कड काढली, विंच काढला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. चिमटीतली रांगोळी गळत राहिली. त्यांनी टेप टाकून मोजलं, तर गच्चीवर केबिनपासून विंच सात फूट होता. कारखान्याने कागदावरून बांधलेल्या बोटीत तो नऊ फूट असणार होता.

त्या उठल्या, उजवं पाऊल टाकलं, डावं ओढलं. चार पावलं झाली. मग डोळ्यांसमोर दोन फूट मोकळी फळी आणली आणि पाचवं पाऊल टाकून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

‘अय्यो अक्का! चार महिने तुम्हाला हे आठवलं नाही?’

‘नाही आठवलं.’

‘बोट पाण्यात उतरलीय. आता दोन दिवसांत फायबर कापून काय होणार?’ अण्णा जरा वेळ बोटांनी टेबल वाजवत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘हे बघा. बोट कागदाप्रमाणे झालीय. कागदावर तिची सही आहे. आपण चुकलो असं कुणी म्हणू शकत नाही. तिकडे काही बोलू नका. त्यांना जमलं तर जमलं. नाही जमलं तर मग बघू.’

‘तिने कागद वाचला नव्हता, अण्णा. गच्ची वाचली होती.’

‘ते तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक.’

अक्कांनी त्याच दिवशी देवगडला फोन लावला. अनुसूया बाजारात गेली होती. फोन भिकाजीने उचलला. त्याचा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या, जड जिभेचा, शब्द चघळत बोलणारा.

‘अक्का ना? माका बायलेन सांगल्यान सगळा. चार पावलां पक्की केलंय मी. रोज सकाळ-सांज. दारापासून जात्यापर्यंत बरोबर चार. एकदाय पडाक नाय.’

दोन फुटांचं सांगायलाच अक्कांनी फोन लावला होता. ‘सरी, बरं,’ एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि अण्णांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

‘ट्रायलला मी जाते.’

‘फोन कोण उचलणार?’

‘तुम्ही उचला,’ अक्का म्हणाल्या. बावीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं, आणि म्हणताना त्यांचे कान तापले.

बुधवारी सकाळच्या गाडीने त्या निघाल्या. पिशवीत एक साडी, पोळी-भाजी, आणि का कोण जाणे, पांढऱ्या रांगोळीची डबी. घाट उतरताना बोगद्यांमागून बोगदे आले. अक्का खिडकीला डोकं टेकून होत्या, अर्ध्या झोपेत, अर्ध्या भीतीत. अंधार, मग हिरवं, मग अंधार. प्रत्येक बोगद्यात एक माणूस पाय ओढत चालत होता आणि बाहेर पडल्यावर नाहीसा होत होता. संध्याकाळी एका पुलावरून गाडी गेली आणि डाव्या हाताला, खाडी संपते तिथे, आभाळाखाली आणखी एक आभाळ आडवं पडलेलं दिसलं. डब्यातलं कुणी बघतसुद्धा नव्हतं. अक्कांनी हात जोडले. जुळतो की नाही हे ठरवायच्या आत तो झाडांमागे गेलाही.

गुरुवारी सकाळी धक्क्यावर बोट उभी होती, पांढरी, निळ्या पट्ट्याची, पुढच्या टोकाला, नाळीवर, झेंडूची माळ घातलेली. अक्कांनी रांगोळीत काढलेली प्रत्येक रेघ तिथे उभी राहिली होती. त्यांना ती ओळखीची वाटली आणि परकीही. भिकाजी धक्क्यावर नव्या इस्त्रीच्या शर्टात बसला होता. अनुसूया नारळ घेऊन उभी होती. अक्कांना पाहून ती धावत आली आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

अक्कांनी हात सोडवून घेतले.

‘अनुसूया, आधी ऐक. माझ्याकडून चूक झालीय.’ आणि त्यांनी सगळं सांगितलं. टाकी, सुतळी, वळणं, मधले दोन फूट, आणि सांगायचं राहून गेलं ते. कुणावर ढकललं नाही.

अनुसूयेने नारळ खाली ठेवला. ती बोटीत चढली, केबिनच्या कडेला उभी राहिली, डावा खांदा पाडला आणि चालली. एक. दोन. तीन. चार. हात पुढे गेला आणि हवेत राहिला. विंचचा खांब आणखी एका पावलावर, कोरा, चकचकीत उभा होता.

‘मी तुमच्या रांगोळयेर इस्वास ठेवलंय, अक्का,’ ती म्हणाली. ‘कागदार नाय.’

ओरडली असती तर बरं झालं असतं. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

भिकाजीने धक्क्यावरून सगळं ऐकलं होतं. मग त्याने मेव्हण्याला, अनुसूयेच्या भावाला, खूण केली आणि उठला.

‘इलंव ते इलंव,’ तो म्हणाला. ‘समिंदर तरी बघून जावया.’

बोट खाडीतून बाहेर पडली. सुकाणूवर भिकाजी होता, उजव्या हाताने, आणि त्याच्या शेजारी कारखान्याचा माणूस. बोट नीट चालत होती, चांगलीच चालत होती. खाडीच्या तोंडाशी पहिली लाट आली आणि अक्कांच्या पोटातली बसवनगुडी वर आली. त्या केबिनला टेकून खाली बसल्या. हा समुद्र त्यांच्या समुद्रासारखा मुळीच नव्हता. तो मोठा होता, राखाडी होता, त्याला डिझेलचा आणि मासळीचा वास येत होता आणि तो कुणासाठीही थांबत नव्हता. तरी त्यात मधूनमधून एखादा तुकडा ओळखीचा निघत होता. फळीवर पाणी आपटत होतं ते अगदी फोनवरच्यासारखं. तो आवाज खरा होता.

जाळं टाकलं. अर्ध्या तासाने ओढायची वेळ झाली. अनुसूया आणि तिचा भाऊ विंचपाशी गेले. जाळं वर येताना तांडेलाने ते बघायचं असतं, कुठे हात लावायचा, कुठे सैल सोडायचं हे त्यानेच सांगायचं असतं. भिकाजीने सुकाणू कारखान्याच्या माणसाकडे दिलं आणि केबिनच्या कडेला येऊन उभा राहिला. समोर नऊ फूट हलती फळी होती.

‘तुमी हयच ऱ्हवा,’ अनुसूया तिकडून ओरडली. ‘हलू नकात!’

त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. उजवा पाय टाकला, डावा ओढला.

अक्का कशा उठल्या ते त्यांनाही नंतर आठवेना. त्यांच्या डोळ्यांसमोर गच्ची होती. केबिनची कड, तिथून सात फूट, जिथे त्यांनी लाल रांगोळीने विंच काढला होता ती जागा. ती जागा या बोटीवर कुठे आहे हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं. त्या जाऊन तिथे उभ्या राहिल्या, पाय फाकवून, गुडघे सैल सोडून, बावीस वर्षं गिऱ्हाइकांना उभं राहताना पाहिलं होतं तसं.

दोन. तीन. बोट एका कुशीवर गेली. चार. भिकाजीचा हात पुढे आला आणि अक्कांच्या खांद्यावर पडला. त्याची बोटं हाडापर्यंत रुतली. दोघंही एकदम हलले आणि दोघंही उभे राहिले. त्याने एक श्वास घेतला, खांदा सोडला आणि पाचवं पाऊल टाकून विंचचा खांब धरला.

‘वढा!’ तो ओरडला. वर्षभरात त्याचा तो आवाज अनुसूयेने ऐकला नव्हता. तिने पदर तोंडाशी धरला आणि मग दोन्ही हातांनी जाळं धरलं.

त्या सकाळी तो केबिनपासून विंचपर्यंत सात वेळा गेला आणि सात वेळा परत आला. अक्का जागेवरून हलल्या नाहीत. मध्ये दोनदा त्यांना कडेला वाकून ओकावं लागलं, तेव्हाही त्यांनी डावा पाय जागेवर ठेवला होता. पाचव्या फेरीला भिकाजी त्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, ‘खांबो बरो असा.’ आणि विंचपाशी उभी अनुसूया त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

खाडीत परतल्यावर अक्कांनी पिशवीतली डबी काढली आणि आपल्या दोन पावलांच्या मध्ये, ओल्या फळीवर, पांढरा गोल काढला. तो लगेच भिजून पसरला, पण कारखान्याच्या मिस्त्रीने तोवर खिळ्याने खूण केली होती. दोन दिवसांत तिथे फळीत पोलादी वाटी बसवली आणि तिच्यात खांब, हवा तेव्हा उपसून ठेवता येईल असा, म्हणजे जाळं अडकायला नको. अनुसूयेने नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा तिने अक्कांच्या हातावर ठेवला.

अण्णांनी पुढे नकाशा सुधारला. गच्चीवर आता अक्का मोठी बोट दोन भागांत काढतात. मागचा भाग बाजूला वेगळा, आणि गिऱ्हाइकाला एका भागातून उतरून दुसऱ्यात चढावं लागतं. वळणं त्यांनी अजूनही बिघडवलेली नाहीत. खांद्यावरचे चार काळेनिळे डाग पंधरा दिवस टिकले. ते गेले तेव्हा त्यांना जरा चुकल्यासारखं वाटलं. हे त्यांनी येसाजीरावांना सांगितलंही.

आश्विनात एके दिवशी, चारच्या सुमाराला, अक्का गच्चीवर स्टुलावर बसल्या होत्या. फोन वाजला. देवगडचा नंबर. पलीकडून कुणी बोललं नाही. इंजिन ऐकू आलं, पक्षी ऐकू आले, फळीवर आपटणारं पाणी. अक्कांनी डोळे मिटले.

मग पाऊल वाजलं. आणि त्यामागे घासत येणारं दुसरं. एक. दोन. तीन. चार. लोखंडावर तळहात पडला, ठक्. अक्कांचा खांदा आपोआप ताठ झाला. जरा वेळ नुसतं पाणीच ऐकू येत होतं.

मग पाचवं पाऊल वाजलं.